‘लोंढा’, जागेचा भाव आणि आपली समीक्षा

मुंबईविषयीच्या मराठी लेखनात एक शब्द इतक्या वेळा येतो की तो वाचताना आपण अडखळतही नाही. तो शब्द म्हणजे ‘लोंढा’. पाण्याचा लोंढा येतो तसा माणसांचा लोंढा येतो. पाण्याला गाव नसते, नाव नसते. ते का आले असे त्याला कोणी विचारत नाही. त्याला बांध घालायचा असतो, एवढेच. काही महिन्यांपूर्वी मुंबईच्या कादंबरीवरील एका चर्चासत्रात एका जाणत्या समीक्षकांनी आपल्या निबंधाचा पाया असा घातला: स्वातंत्र्यानंतर शहरात माणसांचे लोंढे आले, म्हणून जागा महागल्या, म्हणून झोपडपट्ट्या वाढल्या, म्हणून आपल्या साहित्यात झोपडपट्टीचे भीषण चित्र आले. तीन ‘म्हणून’ एका दमात. सभागृहात माना डोलल्या. माझीही डोलली असावी. परत येताना लोकलमध्ये उभ्याने विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात बीडकडून मुंबईत आले, तेव्हा या वाक्यातल्या लोंढ्यात ते आहेत, आणि जागेचा भाव चढवल्याचा आरोपही त्यांच्यावर आहे. सहा वर्षे ते एका नातेवाइकाच्या खोलीबाहेर पडवीत झोपले. पडवीत झोपणाऱ्याने शहरातल्या जागेचा भाव कसा चढवला, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रस्तुत लेख त्या तीन ‘म्हणून’विषयी आहे. विषय अर्थशास्त्राचा वाटेल, आणि मी मराठी शिकवतो. परंतु समीक्षेने अर्थव्यवहारातली एखादी समजूत न तपासता उचलली असेल आणि तिच्यावर साहित्याचे मूल्यमापन उभे केले असेल, तर ती समजूत तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते.

लोकसंख्या वाढलीच नाही असे कोणी म्हणणार नाही. बृहन्मुंबईची वस्ती १९५१ साली सुमारे ३० लाख होती. १९७१ साली ती ६० लाखांच्या घरात गेली, १९८१ साली ८२ लाखांवर, १९९१ साली ९९ लाखांवर, आणि २०११ साली १ कोटी २४ लाखांवर. वीस वर्षांत शहर दुप्पट होते तेव्हा दुप्पट खोल्या लागतात, आणि त्या बांधल्या गेल्या नाहीत तर असलेल्या खोल्यांत माणसे कोंबली जातात, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. लोकसंख्येचा प्रश्न आपल्या चळवळीने कधी टाळलेलाही नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि सभागृहाने तो नाकारला. पण त्याच बाबासाहेबांनी त्याआधी वीस वर्षे, १९१८ साली, शेतीच्या लहान तुकड्यांवर जो निबंध लिहिला, त्यात माणसे फार आणि जमीन थोडी या सोप्या उत्तरावर ते थांबलेले नाहीत. तुकडा लहान की मोठा हे नुसते एकरांवरून ठरत नाही, त्याच्या जोडीला भांडवल किती आणि श्रम किती यावरून ठरते, आणि खरा रोग आहे तो काम नसलेल्या हातांचा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे संख्या त्यांनी नाकारली नाही. संख्येच्या मागे काय आहे ते विचारले. शहरातल्या खोलीबद्दल आपण हाच प्रश्न विचारत नाही.

विचारून पाहू. मुंबई बेटाची वस्ती १९४१ साली सुमारे १४.९ लाख होती, ती १९५१ साली २३.३ लाख झाली. युद्धकाळात कारखाने चढ्या पाळीने चालले, मग फाळणी झाली. फाळणीने आलेल्यांनाही लोंढाच म्हटले गेले, परंतु त्यांच्यासाठी सरकारने कल्याणजवळच्या लष्करी छावण्या उघडल्या आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. राज्यसंस्थेने मनात आणले तर लोंढ्याचे गाव होते, हे इथे ध्यानात ठेवावे. १९७२ साली दुष्काळाने हाकललेल्यांसाठी गावाकडे खडी फोडण्याची कामे निघाली. जे शहरात आले त्यांच्यासाठी छावणी निघाली नाही.

याच काळात, १९४७ साली, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. गरीब भाडेकरूला या कायद्याने फार मोठा आधार दिला हे निर्विवाद आहे; गिरणगावातली हजारो बिऱ्हाडे त्यावर टिकली. परंतु भाडे गोठले तरी जागेची किंमत गोठली नाही. ती भाड्यातून निघाली आणि पागडीत शिरली. कायद्याने पागडी हा गुन्हा होता, आणि सगळे शहर तो गुन्हा उजळ माथ्याने करत होते. शेवटी १९९९ च्या नव्या कायद्याने अशी रक्कम घेणे कायदेशीर करून टाकले. लोकसंख्या वाढते तेव्हा जागेच्या बाजारात नेमके काय होते, याचे उत्तर मला पागडीत सापडते. जो आत आहे त्याचे भाडे वाढत नाही. वाढते ती आत शिरण्याची किंमत. आणि ती महिन्याच्या पगारातून देता येत नाही, एकरकमी द्यावी लागते. ज्याच्या बापाने गावची जमीन विकली, ज्याच्या आईकडे दागिना होता, ज्याचा मामा बँकेत होता, ज्याच्या ज्ञातीची पतपेढी होती, तो दारातून आत गेला. माझ्या आजोबांकडे गावात विकायला जमीन नव्हती. महाराची वतनी जमीन होती ती वाटण्या होऊन वीतभर उरलेली, आणि सावकाराकडे पडलेली. गावच्या व्यवस्थेने ज्याला भांडवलापासून तोडले, त्याला शहरातल्या पागडीने खोलीपासून तोडले. हे दोन वेगळे अन्याय नाहीत. एका व्यवहाराची ही दोन टोके आहेत.

आता बटाट्याच्या चाळीकडे या. पु. ल. देशपांडे यांचे हे पुस्तक १९५८ चे. विनोदाबद्दल मला काही म्हणायचे नाही. वर्गात शिकवताना मीही हसतो आणि मुलेही हसतात. परंतु त्या दारांवरची आडनावे वाचा. गिरगावातली ती चाळ मराठी पांढरपेशाची आहे, आणि त्या दाटीत जो गोडवा आहे तो आत शिरलेल्यांचा गोडवा आहे. गोठलेल्या भाड्यावर उभा असलेला शेजारधर्म आहे तो. पुढे मराठी वाचकाने ‘चाळ संस्कृती’ म्हणून जिचे उमाळे काढले ती हीच. या चाळीत खोली मागायला आलेला आमच्यातला माणूस कुठल्या पायरीवरून परत गेला, हे त्या पुस्तकात नाही. नसेना, लेखकाने काय लिहावे हे मी ठरवणार नाही. पण साठ-पासष्ट वर्षांत एकाही नामवंत समीक्षकाला तो प्रश्न पडला नाही, ही समीक्षेची गोष्ट आहे.

कारण तो माणूस परत जात होता हे शहराच्या बांधणीतच लिहिलेले आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आरंभीच्या वर्षांत त्याने गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. पण दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून त्याने प्लॉट पाडले, आणि तिथे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशा नावांच्या वसाहती उठल्या. गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली १९१५ साली. सहकाराने घर बांधण्याची कल्पना या देशात रुजली ती ज्ञातीच्या कुंपणात. म्हणजे शहर वाढत होते तेव्हा जागेचा बाजार एक नव्हताच. ज्ञातीगणिक छोटे-छोटे बाजार होते, प्रत्येकाचे दार वेगळे, प्रत्येकाच्या दारावर बसणारा वेगळा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी वाढली की भाव वाढतो आणि भाव वाढला की पुरवठा वाढतो. ज्या घरासाठी मला मागणीच करता येत नाही त्याच्या भावाशी माझा संबंध काय?

बाबासाहेबांच्या चरित्रात या सगळ्याची साक्ष आहे. १९१७ साली बडोद्याला परदेशी पदव्या घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या वेळी बडोद्याची लोकसंख्या फार वाढली होती असे कोणी म्हणालेले नाही. मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी दोन खोल्यांत दोन तपांच्या आसपास काढली, आणि पुढे हिंदू कॉलनीतच राजगृह बांधले. आपण राजगृहाचे फोटो लावतो. त्या चाळीतल्या दोन खोल्यांचा अभ्यास आपण केलेला नाही.

आपल्या लोकांना शहरात ज्या चाळी खुल्या होत्या त्या मोजक्या. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काही, आणि १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बांधलेल्या २०७ बी. डी. डी. चाळी. एकशे साठ चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. या चाळींची एक गोष्ट समीक्षकांनी जरूर ऐकावी. त्या बांधून झाल्या तेव्हा शहरात दाटी शिगेला पोचली होती, आणि तरी त्यांतल्या कितीतरी खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे परवडत नव्हते, गिरणी लांब होती, पाण्याचे आणि हवेचे हाल होते. सत्याग्रहाच्या काळात त्यांचा तुरुंग केला गेला. माणसे दाटलेली आणि खोल्या रिकाम्या, या दोन गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी नांदू शकतात हे शंभर वर्षांपूर्वीच दिसले होते.

मग आपली माणसे त्यांत शिरली, आणि गावाकडून आलेला प्रत्येक माणूस त्याच मोजक्या चाळींकडे वळला, कारण दुसरीकडे कोणी उंबरा चढू देत नव्हते. लोकसंख्येच्या वाढीचा भार शहरावर सारखा पडत नाही. ज्यांना दारे थोडी त्यांच्या दाराशी दाटी जास्त. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) कावाखाना यासाठी पुन्हा वाचला पाहिजे. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, मध्ये खोक्यांच्या फळ्यांचा आडोसा. आपल्याकडे या पुस्तकावर जे लिहिले गेले त्यात वेदना, नकार, आत्मशोध, मातृप्रतिमा हे सर्व आले. परंतु ते पुस्तक जागेच्या अर्थव्यवहाराचे पुस्तक आहे, त्यात मुख्य भाडेकरू कोण, पोटभाडेकरू कोण, आडोसा कोणाच्या बाजूला किती सरकला आणि त्यावरून भाऊबंदकी कशी पेटली याची नोंद आहे, असे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही. आपले लेखक जे ज्ञान म्हणून देत होते ते समीक्षेने अनुभव म्हणून घेतले. ‘अस्सल अनुभव’ हे प्रशस्तिपत्र देऊन टाकले, की त्यातून काही शिकण्याची जबाबदारी राहत नाही. प्रस्थापित समीक्षेने हे केले, आणि खेदाने म्हणावे लागते, आपल्यातल्या समीक्षकांनीही तेच केले.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. या कथेवर लिहिताना सगळे भर देतात तो शेवटच्या मारहाणीवर. परंतु जात चोरावी लागते ती कशासाठी? नोकरी रेल्वेची आहे, ती मिळालेली आहे. राज्यघटनेने आणि कारखान्याने मिळून ते दार उघडले आहे. जात आडवी येते ती छपरापाशी. कामाच्या बाजारात जो माणूस हात म्हणून स्वीकारला जातो, तोच राहण्याच्या बाजारात शरीर म्हणून नाकारला जातो. दिवसा चालतो, रात्री चालत नाही. शहराने जात मोडली असे जे म्हणतात त्यांनी दिवसाचे शहर पाहिलेले असते. माझ्या मते आपल्या साहित्यात घरबाजारावरचा सर्वांत तीक्ष्ण लेख कोणता असेल तर ही कथा आहे.

झोपडपट्टीवरच्या कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३), मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कृतींनी मराठी वाचकाला नाक दाबून का होईना खाडीपर्यंत नेले, त्याचे श्रेय त्यांना द्यावे. पण त्यांच्यावरची समीक्षा उघडा: अधोविश्व, विदारक, आदिम प्रेरणा, जगण्याचे चक्र. जणू झोपडपट्टी ही निसर्गात उगवलेली वस्तू आहे, शेवाळासारखी. झोपडी फुकट मिळते असा एक समज पांढरपेशा मनात घट्ट बसलेला आहे. झोपडी फुकट मिळत नाही. खाडीत भराव टाकणारा दादा असतो, तो दोरी लावून जागा विकतो. त्याला रक्कम, पोलिसाला हप्ता, पाण्याच्या हंड्याला पैसे, वायरीला पैसे. चौरस फुटाला आणि हंड्याला हिशोब केला तर गरीब माणूस कैकदा श्रीमंतापेक्षा महाग राहतो. हाही बाजारच आहे, आणि लोकसंख्या वाढली की इथलाही भाव वाढतो, फक्त तो वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत येत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) शहराची जी शिवराळ बोली आली तिच्यामुळे सगळे हादरले, पण त्या संग्रहात विकत घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे जग आहे, प्रत्येक गोष्टीला भाव आहे, हे बोलीच्या गोंगाटात राहून गेले.

आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल कोणी लिहीतच नाही. शहराने आपल्या लोकांना स्वतःहून दिलेले घर म्हणजे सफाई कामगाराची खोली. ती नोकरीशी बांधलेली. बाप निवृत्त झाला की खोली सोडायची. बाहेर भाव असे की पेन्शनीत खोपटेही मिळत नाही. मग बारावी झालेला, क्वचित पदवीधर झालेला मुलगा वारसाहक्काने झाडू हातात घेतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी मिळण्याची सोय झाली. ती सोय आहेच, पण खोली टिकवण्याचा तो एकच रस्ता राहिला की सोयीचा सापळा होतो. जागेचा भाव जितका चढा तितका हा सापळा पक्का. गावात बलुते जातीला धंद्याशी बांधत होते. शहरात खोली बांधते. ‘शिकलात तरी झाडूच का धरता’ असे आपल्या सभांतून या पोरांना विचारणाऱ्या वक्त्यांनी आधी त्या खोलीचे क्षेत्रफळ आणि बाहेरचे भाडे विचारावे.

आता आकड्यांकडे परत जातो, कारण पहिला ‘म्हणून’ मोडतो तो इथे. मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या शहराची लोकसंख्या १९७१ साली ३०.७ लाख होती. १९८१ साली ती ३२.८ लाख झाली, १९९१ साली ३१.७ लाखांवर उतरली, २००१ साली ३३.४ लाख, आणि २०११ साली ३०.८ लाख. चाळीस वर्षांत माणसे जवळपास होती तितकीच. आणि याच चाळीस वर्षांत, या भूमीवर, जागेचा भाव कुठून कुठे गेला हे वाचकाला सांगायला नको. सबंध बृहन्मुंबईचे पाहिले तरी २००१ ते २०११ या दशकात वाढ चार टक्क्यांच्या आसपासच होती, आणि घरांच्या भावाची झेप त्याच दशकातली. शिवाय १९७० नंतर शहराच्या वाढीत बाहेरून आलेल्यांपेक्षा इथेच जन्मलेल्यांचा वाटा मोठा होत गेला. इथे जन्मलेल्या मुलाला लोंढा म्हणायचे काय?

मग भाव चढला कशाने? १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, पण गिरण्यांखालची सहाशे एकरांच्या आसपासची जमीन जिवंत होती. १९९१ च्या नियमावलीत तिचा एक तृतीयांश भाग शहरासाठी मोकळा आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी अशी वाटणी होती. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती राहिली. ज्यावर गिरणी उभी होती ती जमीन बहुतांश मालकाकडेच गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा सवलतींच्या भोकांतून गळत राहिला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो रद्द केला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक आपण संपानंतर कुटुंबाच्या झालेल्या वाताहतीचे नाटक म्हणून पाहतो. त्या घराची जमीन कोणासाठी मोकळी होत होती हे त्याच्या पाठीमागे उभे आहे. आणि २०११ च्या जनगणनेने सांगितले की शहरातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात आणि त्याच शहरात पावणेपाच लाखांच्या आसपास घरे रिकामी आहेत. बी. डी. डी. चाळींच्या रिकाम्या खोल्या आठवा. घर हे राहण्यासाठी न घेता पैसा ठेवण्याची पेटी म्हणून घेतले की त्याचा भाव डोक्यांच्या संख्येवर चालत नाही.

वाढलेली माणसे गेली कुठे, तर खाडीपलीकडे. अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली ५२ लाख होती ती २०११ साली १ कोटी १० लाख झाली. खरा लोकसंख्येचा दाब आहे तो कल्याण, दिवा, वसई-विरार, भिवंडी या पट्ट्यात. तिथे तो दाब खराच भाव चढवतो, हे कबूल केले पाहिजे. पण तो दाब शहराच्या मधल्या, महाग आणि अर्ध्या रिकाम्या जागेने बाहेर ढकललेला आहे. दोन तास येणे, दोन तास जाणे हे त्या घराचे न छापलेले भाडे.

दरम्यान राज्यसंस्थेने लोंढ्याची तारीख ठरवली. १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. मग १९८०, १९८५, १९९५, २००० अशा तारखा पुढे सरकत गेल्या. तारखेच्या आधी आला तो पात्र, नागरिक. दुसऱ्या दिवशी आला तो अपात्र, लोंढा. १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच निकालाने त्यांना नोटीस देऊन हटवण्याची मोकळीकही ठेवली. पुनर्वसनाच्या योजनेत पात्राला आधी २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००, आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीवर बिल्डरला विकायला मजले. झोपडीवाला उंच गेला, जमीन मात्र त्याच्या हातातून गेली.

इथपर्यंतचे सगळे मी दुसऱ्यांच्या लेखनावर लिहिले. दोन गोष्टी माझ्या सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हे अर्धवट राहील. प्राध्यापकाची नोकरी कायम झाल्यावर मी कॉलेजजवळ भाड्याचे घर पाहू लागलो. डिपॉझिट माझ्याकडे होते, पगाराची पावती होती. दलाल फोनवर गोड बोलायचा, मग आडनाव विचारायचा, मग ‘व्हेज ना?’ विचारायचा. एका घरमालकीणबाईंनी चहा दिला, घर दाखवले, आणि जाता जाता सहज म्हणाव्या तसे म्हणाल्या, “सर, भिंतीला फोटो कोणाचे लावता तुम्ही?” मी उत्तर दिले. संध्याकाळी दलालाचा निरोप आला की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. तो फ्लॅट पुढे चार महिने रिकामाच होता. मी रोज त्याच रस्त्याने जात होतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यातून दलित आणि मुसलमान भाडेकरूंना नाकारले जाते हे पुढे आलेच आहे. त्यात भर घालावी असे माझ्या अनुभवात काही नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा १९१५ चे कुंपण कायद्याच्या दृष्टीने अजून उभे आहे एवढे लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. शेवटी कर्ज काढून मी घर घेतले ते आपल्याच लोकांची बहुसंख्या असलेल्या सोसायटीत. खाली बुद्धविहार, जिन्यात बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला रोषणाई. रेल्वेतले, बँकेतले, पोस्टातले, दोन-तीन माझ्यासारखे मास्तर. ‘बलुतं’मध्ये आडोशापलीकडे जे होते त्यांची ही नातवंडे. मी वयाने लहान, लिहिता येणारा, म्हणून मला चिटणीस केले. गेल्या वर्षी समोरच्या मोकळ्या जागेत बांधकामावरच्या मजुरांनी पत्रे ठोकले. आमच्या दोन सभासदांनी आपले फ्लॅट अशाच आठ-दहा पोरांना भाड्याने दिले, कोणी बिहारचे, कोणी नांदेडकडचे. सभा बोलावली गेली. पाण्याचा प्रश्न खरा होता, जिन्यातली घाणही खरी होती. पण बोलणे पाण्यावर राहिले नाही. निवृत्त झालेले एक काका, ज्यांच्यापाशी मी मिलिंदप्रश्न वाचायला शिकलो, ते उठून म्हणाले की आपण एवढ्या कष्टाने वर आलो, आता हे लोंढे आपला भाव पाडणार. बाजारात घराचा भाव म्हणतात तो भाव. टाळ्या झाल्या. बाहेरच्यांना भाड्याने द्यायचे असल्यास समितीची परवानगी घ्यावी आणि एकट्या पुरुषांना देऊ नये, असा ठराव बहुमताने झाला. विरोधात तीन हात होते. त्यांत माझा होता, पण मी बोललो नाही.

इतिवृत्त मी लिहिले. काकांचे वाक्य गाळावे की ठेवावे हा विचार रात्रभर केला आणि शब्दशः ठेवले. ते वाक्य आमच्या सोसायटीच्या वहीत माझ्या अक्षरात आहे. एकट्या पुरुषांबाबतचा मुद्दा फेरविचाराला घ्यावा म्हणून मी अर्ज दिला आहे. पुढची सभा पावसाळ्यानंतर आहे.